शीळ घालणारी बाभूळ

हत्ती आणि मुंगी स्कूटरवरून चालले होते. वाटेत अपघात झाला. हत्तीला खूप लागलं, मुंगीला मात्र साधं खरचटलंसुद्धा नाही. का? तिनं हेल्मेट घातलं होतं!

हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. तुमच्या आई-बाबांनीही शाळेत असताना ऐकला असेल. हत्ती-मुंगीच्या जोडीतली गंमत अशी, की जिंकते नेहमी मुंगीच. आजीच्या गोष्टीतली मुंगीसुद्धा मस्तवाल हत्तीच्या सोंडेत शिरते, आतून कडाडून चावते आणि शेवटी ते एवढं मोठं धूड रडकुंडीला येऊन माफी मागतं. आपण थोडे मोठे झालो, की वाटायला लागतं, छे, हे असलं गोष्टीतच होतं!

तर दोस्तांनो, आफ्रिका खंडातल्या केनिया देशात हे खरोखर होतं. मुंग्या खऱ्या, हत्ती खरे आणि सोंडही खरी. आणि भांडण कशावरून म्हणाल, तर एका काटेरी झुडपावरून.

त्या झुडपाची ही गोष्ट. तिच्यात पुढे जिराफ आहेत, बकरी आहे, विजेचं कुंपण आहे आणि अगदी शेवटी सिंहसुद्धा आहे. तेव्हा सावकाश वाचा.

मुळांवर उठलेली माती

केनियाची राजधानी नैरोबी. तिथून उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर लायकिपिया नावाचं मोठं पठार आहे. विषुववृत्त या भागातूनच जातं. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं आठवून तुम्ही म्हणाल, म्हणजे तिथे भयंकर उकडत असणार. पण तसं नाही. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंच आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. तेव्हा सकाळी स्वेटर घालावा लागतो, बरं का.

या पठाराच्या बऱ्याच भागात जमीन काळी आहे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भाकडच्या मुलांना तिचं वर्णन सांगायलाच नको. पाऊस पडला, की चिकट चिखल. चार पावलं चाललात, की चपलेला चपलेपेक्षा जड गोळा चिकटतो. आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. केनियातही या मातीला ‘ब्लॅक कॉटन सॉईल’ म्हणतात, म्हणजे कपाशीची काळी माती. हे नाव मुळात आपल्या दख्खनच्या जमिनीचं. लायकिपियात कपाशी नाही, नाव मात्र कपाशीचं!

अशी जमीन झाडांना सोसवत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून फाटते, आणि फाटताना आतली मुळं तोडते. मुळांवर उठणं म्हणजे काय, ते इथे अगदी शब्दशः बघायला मिळतं. त्यामुळे या काळ्या रानात तऱ्हेतऱ्हेची झाडं दिसतच नाहीत. गवत दिसतं आणि गवतात जिकडे पाहावं तिकडे एकच झुडूप. शंभर झाडं मोजलीत, तर पंच्याण्णवहून जास्त त्याच एका जातीची निघतील. बहुतेक झुडपं माणसाच्या उंचीच्या आसपास असतात. वय झालेली काही मात्र चार-पाच मीटरही वाढतात.

इंग्रजीत त्याला ‘व्हिसलिंग थॉर्न’ म्हणतात. व्हिसल म्हणजे शिट्टी, थॉर्न म्हणजे काटा. आपण त्याला ‘शीळ घालणारी बाभूळ’ म्हणूया. कारण ते खरंच आपल्या बाभळीचं चुलत भावंड आहे. तशीच बारीक पिसासारखी पानं, तसेच जोडीजोडीनं आलेले सरळ, लांब, पांढुरके काटे.

इथे जाता जाता एक किस्सा सांगतो. शास्त्रज्ञ या सगळ्या कुटुंबाला पूर्वी ‘अकेशिया’ म्हणत. ग्रीक लोकांनी हे नाव इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाला दिलं होतं, आणि ते झाड म्हणजे आपली नेहमीची बाभूळ! पण पुढे लक्षात आलं, की अकेशिया या एका नावाखाली फार वेगवेगळी झाडं कोंबलेली आहेत आणि त्यांची वाटणी करायला हवी. मग नाव कुणी ठेवायचं? ऑस्ट्रेलियात या झाडांच्या जवळजवळ हजार जाती आहेत. २००५ साली व्हिएन्नात जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांना देऊन टाकलं. आफ्रिकेतले लोक चिडले, वाद झाले, पण २०११ मध्ये मेलबर्नलाही तोच निर्णय कायम राहिला. त्यामुळे आपली बाभूळ आणि तिचं हे केनियातलं भावंड आता ‘व्हॅचेलिया’ झाली आहेत. ज्या झाडावरून नाव पडलं, त्याचंच नाव गेलं. मला विचाराल तर हा अन्यायच झाला. पण झाडांना काय त्याचं!

शिट्टी कशी वाजते?

या झुडपाचे बरेचसे काटे साधे असतात. पण मधूनमधून काही काट्यांच्या जोड्या बुडाशी फुगलेल्या दिसतात. बोराएवढा, कधी लिंबाएवढा टणक गोळा आणि त्यातून बाहेर आलेले दोन काटे. कोवळेपणी हा गोळा मऊ आणि हिरवा-जांभळा असतो. वाळला की काळपट आणि लाकडासारखा कडक होतो. आतून पोकळ.

एखाद्या झाडाला गाठ दिसली, की ती किडीमुळे झाली असणार असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते खरंही असतं. इथे मात्र तसं नाही. एकही मुंगी नसलेल्या जागी हे झाड वाढवलं, तरी असे गोळे येतातच. म्हणजे झाड स्वतःच खोल्या बांधतं. दार तेवढं ठेवत नाही. ते मुंग्या पाडतात, भिंत कुरतडून. आणि या भोकांवरून वारा गेला, की रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारल्यावर वाजते तशी शीळ वाजते. एका झाडावर असे पुष्कळ गोळे, आणि रानात अशी हजारो झाडं. माळावर जोराचा वारा सुटला, की सगळं रान शिट्ट्या मारायला लागतं.

मुंग्यांना झाड नुसती खोली देत नाही, जेवणही देतं. पानाच्या देठाजवळ बारीक पुटकुळ्या असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. फुलातला मध वेगळा, तो परागकण नेणाऱ्या किड्यांसाठी. हा पानावरचा मध मुंग्यांसाठी.

राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण. एवढं सगळं फुकट कोण देतं? मुंग्यांनाही त्याच्या बदल्यात काम करावं लागतं. पहारेकऱ्याचं.

वारा की बकरी?

झाडाला पहारेकरी कशाला हवा, तर या पठारावर पानं खाणारे पुष्कळ आहेत म्हणून. जिराफ आहेत, गेंडे आहेत, तऱ्हेतऱ्हेची हरणं आहेत, माणसांच्या शेळ्या-मेंढ्या आणि उंट आहेत. आणि सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे हत्ती. जिराफ पानं खातो आणि पुढे जातो. हत्ती फांदी मोडतो, साल सोलतो, कधी अख्खं झाडच उपटतो. दिवसाला शेकडो किलो चारा लागतो त्याला!

काटे आहेत ना, मग पुरे की, असं तुम्हाला वाटेल. पण जिराफाची जीभ जवळजवळ दीड फूट लांब असते, आणि तो ती काट्यांमधून अलगद फिरवून पानं ओरबाडतो. बकरीचं तर विचारूच नका. बाभळीवर पुढचे पाय टेकून उभी राहिलेली बकरी कुणी पाहिली नाही?

आता एखाद्या बकरीनं या झुडपाच्या फांदीला तोंड लावलं, की काय होतं पाहा. फांदी थरथरते. ती थरथर लाकडातून पोकळ काट्यापर्यंत पोचते. आतल्या मुंग्या भोकातून बाहेर पडतात आणि जिकडून थरथर आली तिकडे धावतात. डोळे, नाकपुड्या, ओठ, जिथे कातडी मऊ असेल तिथे चावतात, आणि चावल्यावर सुटत नाहीत. पोटाचं टोक पाठीवर उचलून त्यातलं जळजळणारं विषही फासतात.

पण फांदी तर वाऱ्यानंही हलते. वारा आला की दर वेळी सगळी फौज बाहेर काढली, तर मुंग्या दमून जातील. हा प्रश्न हागर आणि क्राउसा या दोन शास्त्रज्ञांनाही पडला. त्यांनी बकरी पाला ओढते तेव्हा फांदीत कशी थरथर होते आणि वाऱ्यानं कशी होते, ते मोजलं. दोन्ही वेगळ्या निघाल्या. मग त्यांनी यंत्रानं तशीच खोटी थरथर निर्माण केली. वाऱ्यासारख्या थरथरीला मुंग्यांनी फारशी दाद दिली नाही. बकरीसारखी थरथर दिली, तेव्हा मात्र सगळ्या बाहेर! २०१९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. दाराची कडी वाऱ्यानं वाजली की पाहुणे आले, हे आपल्याला घरात बसून कळतं ना, तसंच हे.

सोंडेतली मुंगी

आता आपल्या हत्तीकडे येऊ.

एक मुंगी म्हणजे काही मिलिग्रॅम वजन. आफ्रिकी हत्ती म्हणजे ५००० किलो. गुणाकार-भागाकार तुम्ही करा. उत्तर शंभर कोटींच्या घरात जाईल. एवढ्या मोठ्या जनावराला मुंगी काय करणार? कातडी तर इंच-इंच जाड!

जेकब गोहीन आणि टॉड पामर या शास्त्रज्ञांनी याची चाचणी घेतली. केनियात आई गमावलेल्या हत्तींच्या पिल्लांना सांभाळून मोठं करतात. अशा काही तरुण हत्तींसमोर त्यांनी फांद्या ठेवल्या. काही फांद्या शीळ घालणाऱ्या बाभळीच्या, काही दुसऱ्या एका काटेरी झाडाच्या. या दुसऱ्या झाडावर मुंग्या राहत नाहीत आणि हत्ती ते आवडीनं खातात. गंमत अशी केली, की दोन्ही झाडांच्या काही फांद्यांवर मुंग्या होत्या आणि काहींवर नव्हत्या. म्हणजे शीळवाल्या बाभळीवरच्या मुंग्या काढून टाकल्या, आणि दुसऱ्या झाडावर मुद्दाम सोडल्या.

मुंग्या नसलेल्या शीळवाल्या बाभळीच्या फांद्या हत्तींनी मटकावल्या. म्हणजे चव काही वाईट नव्हती. आणि आवडत्या झाडाच्या ज्या फांद्यांवर मुंग्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाठ फिरवली. मोकळ्या रानात ज्या झाडांवरच्या मुंग्या कमी केल्या, त्यांचीही हत्तींनी जास्त मोडतोड केली. २०१० साली ही माहिती प्रसिद्ध झाली.

कारण काय? सोंड! हत्तीची बाहेरची कातडी कितीही जाड असली, तरी सोंडेच्या आतली त्वचा नाजूक असते. पाला सोंडेनंच तोडायचा असतो, आणि मग मुंग्या थेट आत. जिराफ लांब जिभेनं मुंग्या पुसून टाकतो, मान झटकतो आणि पुन्हा खातो. हत्तीला हे जमत नाही. म्हणजे आजीची गोष्ट बरोबर होती. ‘हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी’ ही म्हणसुद्धा या झुडपाकडे बघूनच सुचली असावी असं वाटतं. इथे खरोखरच हत्तीला लाकूड हवं असतं आणि मुंगी साखर खात असते.

चार भाडेकरू

आतापर्यंत मी ‘मुंग्या मुंग्या’ म्हणत आलो. खरं तर या झुडपावर चार वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या राहतात, आणि एका वेळी एका झाडावर साधारण एकाच जातीची वसाहत असते. चौघींचे स्वभाव चार तऱ्हांचे. कुठल्याही चाळीत सापडतील असे.

पहिली सगळ्यांत जास्त झाडांवर दिसते. काम चोख, हत्तीलाही न घाबरणारी. तिला आपण ‘पहारेकरीण’ म्हणू. दुसरीही कडाडून चावते, पण एक खोड आहे. ती झाडाचे कोवळे कोंब कुरतडते. त्यामुळे झाडाला फुलं-शेंगा येत नाहीत. असं ती का करते? शेजारच्या झाडाच्या फांद्या आपल्या झाडाला टेकल्या, की त्यावरून शत्रूच्या मुंग्या चाल करून येतात. म्हणून ही झाडाची छाटणी करून त्याला आखूड ठेवते. तिसरी लहान आणि अशक्त. ती झाडावरच्या मधाच्या पुटकुळ्याच नासवून टाकते. मध नाही, तर बलवान शत्रूला ते झाड हवंसं वाटणार नाही, असा तिचा हिशेब! शिवाय खोलीचं दार इतकं लहान ठेवते, की मोठ्या डोक्याच्या शत्रूला आत शिरता येत नाही.

चौथी सगळ्यांत दांडगी. लढाईत पहिल्या तिघींना हरवते. पण पहाऱ्याच्या नावानं शून्य. तिला फुगलेल्या काट्यांत राहायचंही नसतं. खोडात भुंगेऱ्यांच्या अळ्या बोगदे पाडतात, त्यांत ती राहते. म्हणजे खोड पोखरणारी कीड तिच्या फायद्याचीच.

दोन झाडांच्या मुंग्यांमध्ये युद्ध जुंपलं, की सकाळी झाडाखाली मेलेल्या मुंग्यांचा खच पडलेला दिसतो.

कुंपण घातलं आणि...

१९९५ साली ट्रूमन यंग या शास्त्रज्ञानं लायकिपियातल्या म्पाला संशोधन केंद्राच्या रानात एक मोठा प्रयोग सुरू केला. साधारण दहा-दहा एकरांचे अठरा तुकडे आखले. कुठल्या तुकड्यात कुठली जनावरं येऊ द्यायची, ते कुंपणांनी ठरवलं. काही तुकड्यांना विजेचं कुंपण घालून हत्ती, जिराफ, हरणं सगळ्यांनाच मज्जाव केला. कुंपणाच्या आतल्या झाडांची चैन! ओरबाडायला कुणी नाही, मोडायला कुणी नाही. दहा वर्षांत ती किती फोफावली असतील?

पामर, यंग आणि त्यांच्या सोबत्यांनी पाहिलं, तर भलतंच. कुंपणाबाहेरच्या, रोज ओरबाडून घेणाऱ्या झाडांपेक्षा आतली झाडं रोडावली होती. जास्त संख्येनं मरतही होती.

असं का? थोडा वेळ वाचन थांबवून विचार करा. तुमचं उत्तर पुढच्या उत्तराशी जुळतं का बघा.

झालं होतं असं. वर्षानुवर्षं पानं खायला कुणी आलं नाही, तेव्हा झाडांनी मध कमी केला, फुगलेले काटेही कमी केले. मध आणि खोल्या करायला झाडाला खर्च येतो. चोरच नाहीत, तर पहारेकऱ्याला पगार कशाला? हे एखाद्या कारखान्याच्या हिशेबनिसाला शोभेल असं झालं. पण पगार घटला आणि पहारेकरणी कमकुवत झाल्या. काहींनी गोड रसासाठी खोडावर किडे पाळायला सुरुवात केली, आणि ते किडे झाडाचाच रस शोषतात. मग त्या चौथ्या दांडग्या मुंगीनं संधी साधली. तिला मध आणि खोल्या लागतच नाहीत. तिनं झाडांमागून झाडं काबीज केली, तिच्या झाडांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. तिच्याबरोबर खोड पोखरणारे भुंगेरे आले. तिची वस्ती असलेली झाडं सावकाश वाढत होती आणि पहारेकरणीच्या झाडांच्या दुप्पट प्रमाणात मरत होती.

म्हणजे जिराफ आणि हत्ती नाहीसे झाले, म्हणून झाडं मरायला लागली! २००८ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली.

डोकेबाज पाहुणी

इतके दिवस भांडण घरातलं होतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र लायकिपियात बाहेरची एक मुंगी शिरली. तिच्या सैनिक मुंग्यांची डोकी शरीराच्या मानानं भलतीच मोठी असतात, म्हणून इंग्रजीत तिला ‘बिग-हेडेड अँट’ म्हणतात. हिंदी महासागरातल्या एखाद्या बेटावरची ती असावी असं मानतात. माणसांच्या सामानसुमानातून, कुंड्यांमधून ती जगभर पसरली.

ही मुंगी जमिनीत राहते. झाडावर चढते ती फक्त लूट करायला. झुंडीनं येते, पहारेकरणींना मारते, त्यांची अंडी आणि अळ्या फस्त करते आणि परत जाते. काट्यांच्या खोल्या ओस पडतात. वारा आला की शीळ तेवढी वाजत राहते.

वर्षाला ती साधारण ५० मीटर पुढे सरकते. एवढंच? हो, पण ती मागे हटत नाही. आणि ती गेली त्या रानात हत्तींना कुणी अडवणारं उरत नाही. अशा रानात हत्तींनी केलेली झाडांची मोडतोड पाच ते सात पट वाढलेली शास्त्रज्ञांना आढळली.

आता सिंह येतो. ओल पेजेता हे लायकिपियातलं एक संरक्षित रान. डग्लस कमारू या केनियाच्या तरुण शास्त्रज्ञानं तिथे अनेक वर्षं सिंहांचा माग काढला. सिंहिणींच्या गळ्यात पट्टे बसवून त्या कुठे जातात, कुठे शिकार करतात ते नोंदलं. सिंहाला लांब पल्ल्याची शर्यत जमत नाही. तो झुडपाआड दबा धरून बसतो आणि झेब्रा जवळ आला की झेप घेतो. पण झुडपंच मोडली तर? जिथे नवी मुंगी शिरली होती, तिथे माळ मोकळा झाला होता आणि अडीच पटींहून जास्त लांबचं दिसत होतं. झेब्र्यांना सिंह दुरूनच दिसायचा. मुंगी न शिरलेल्या रानात झेब्र्यांची शिकार तिथल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट होत होती.

मग सिंह उपाशी मेले का? नाही. त्यांची संख्या घटली नाही. त्यांनी शिकार बदलली. २००३ साली ओल पेजेतातल्या सिंहांच्या शंभर शिकारींपैकी ६७ झेब्र्यांच्या होत्या आणि रानम्हशीची एकही नव्हती. २०२० साली झेब्रे ४२ आणि रानम्हशीही ४२! झेब्र्यापेक्षा रानम्हैस कितीतरी जड आणि रागीट. तिची शिंगं सिंहाचं पोट फाडू शकतात. तरी सिंह आता तिच्या वाटेला जातात. २०२४ च्या जानेवारीत कमारू आणि त्यांच्या सोबत्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं.

सिंह किती वर्षं असं निभावून नेतील, हे पुढच्या मोजणीतच कळेल. झाडांना सावरायला वेळ मिळावा, म्हणून काही ठिकाणी हत्तींना थोडे दिवस कुंपणाबाहेर ठेवावं, असाही विचार आहे. पण कुंपण घातलं की काय होतं, ते आपण आत्ताच पाहिलं ना?

आपली बाभूळ

आपल्या बाभळीचे काटे फुगत नाहीत आणि ती मुंग्यांना खोल्याही देत नाही. खोल्या देणारं झाड आपल्याकडे हवं असेल, तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कर्नाटक-केरळच्या दाट जंगलात जावं लागेल. तिथे ‘हम्बोल्टिया’ नावाचं एक लहान झाड आहे, त्याच्या काही पोकळ पेरांमध्ये मुंग्या राहतात. कोकणातल्या आंब्यावर पानं शिवून घरं करणारे ओंबील तुमच्यापैकी काही जणांनी अनुभवलेच असतील! पण ते स्वतःचं घर स्वतः बांधतात, झाड त्यांना बांधून देत नाही.

बाभळीकडे मात्र मधाच्या पुटकुळ्या आहेत. शेताच्या बांधावर बाभूळ असेल, तर तिचं एक पान नीट बघा. मधल्या दांडीवर, जिथे बारीक पानांच्या जोड्या फुटतात, तिथे एक-दोन बारीक गाठी दिसतील, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. भिंग घेऊन गेलात तर बरं. सकाळी जाऊन बघा, संध्याकाळी बघा. मुंगी दिसली तर ती त्या गाठीपाशी थांबते का, किती वेळ थांबते, ते वहीत लिहून ठेवा. आणि फांदी जपून धरा. मुंग्या नसतील, पण काटे आहेतच.